हसूदादूसच्या गाडीतलं पाणी

बातमी माझ्यापर्यंत आली ती गाडी हलवायच्या निमित्ताने. सकाळी तोंडाला साबण फासून मी आरशासमोर उभा होतो आणि दारात आमच्या घरमालकाचा मुलगा उमेश. "काका, गाडीची चावी तुमच्याकडं हाय का? गल्लीतनं गाडी हलवायला पायजेल." आदल्या संध्याकाळी त्याचे वडील आणि मी मासळी आणायला गेलो होतो, आणि पिशव्या उतरवण्याच्या गडबडीत चावी माझ्याच खिशात राहिली होती. मी अर्ध्या दाढीनिशी विचारलं, "एवढ्या सकाळी स्वारी कुठं?" तो म्हणाला, "कुठं नाय. खाली ताडपत्री बांधायची हाय." मग चपलेकडे बघत म्हणाला, "बाबा झोपेतच गेले, काका..."

तोंड तसंच पुसून मी खाली उतरलो. गल्ली ती केवढी, आणि त्यात ती लांबच लांब पांढरी जपानी गाडी. माणसं जमू लागली होती. मी आत बसून चावी फिरवली, डॅशबोर्डातला पडदा निळाशार उजळला, आणि रोजच्याप्रमाणे गाडीतली जपानी बाई आपलं लांबलचक, अतिशय नम्र असं वाक्य बोलली. काच उघडी होती, त्यामुळे ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. त्या वाक्याचा अर्थ आम्हाला कधीच कळला नाही. पण हसूदादूस, म्हणजे उमेशचा बाप, त्याला रोज उत्तर द्यायचा. "हां गो बाये, चल!" त्या सकाळी कुणीच काही बोललं नाही. मी गाडी मागे घेतली.

त्याचं नाव हसुराम. गाव त्याला हसूदादूस म्हणायचं, म्हणजे हसूभाऊ, आणि साताऱ्याकडून बेलापूरच्या एका कचेरीत नोकरीला आलेला मीही, त्याचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, तेच म्हणू लागलो. मला त्याने पहिल्याच दिवशी 'घाटकर' करून टाकलं आणि माझं खरं नाव लक्षात ठेवायची तसदी शेवटपर्यंत घेतली नाही. खाडीकाठच्या जुन्या गावातला हा माणूस. बापाची भातशेती खारजमिनीवर, पलीकडे मिठागरं, आणि त्या सगळ्यावर आता सेक्टर उभे. शेती गेली तेव्हा दादूसने गावठाणात तीन मजले चढवले, खाली स्वतः राहिला आणि वर आमच्यासारखी घाटावरची, कोकणातली बिऱ्हाडं भरली. भाडेकरूंच्या पोरांना तो ओळीने उभं करून मिठातल्या कैऱ्या वाटायचा. गाडी चालवताना हॉर्न मात्र वाजवायचा नाही. "मना तोंड दिलंय ना देवान!" असं म्हणून काचेतून मुंडकं बाहेर काढायचा आणि समोरच्याला हाका मारायचा. नवरात्रातल्या नाटकात मी खलनायक करायचो, तेव्हा पहिल्या रांगेत बसून मला शिव्या देणारा आणि नाटक संपल्यावर सुरमई तळून वाढणारा, तो हाच.

गाडी आली ती टेम्पो बघायला गेल्यावर. खरंच. रबाळ्याच्या कारखान्यांना माल पोचवायला एक टेम्पो घ्यावा, असा विचार करून दादूस सकाळी निघाला आणि संध्याकाळी ही पांढरी महाराणी घेऊन आला. कोबे नावाच्या बंदरात मोत्यांचा धंदा करून परतलेल्या एका व्यापाऱ्याने ती सोबत आणली होती आणि इथले खड्डे बघून तिचा नाद सोडला होता. "टेम्पोचा काय झाला?" असं वयनीने, म्हणजे दादूसच्या बायकोने, विचारलं तेव्हा तो म्हणाला, "यो पन मालच वाहील. बस ना तू." वयनी बसली, बाई बोलली, दादूसने उत्तर दिलं, आणि वयनी उतरली. "ती एवरी बोलतंय न तू लगेच हां बोलतंस. माज्यासंगाती तेवरा पन नाय बोलत!" पुढे बरेच दिवस ती मागच्या सीटवरच बसायची. सवत पुढे आहे, असं सगळ्यांना सांगायची.

आता त्या पडद्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथेच आहे. छोट्या टीव्हीएवढा पडदा, आणि त्यावर नकाशा. आपल्याकडे गाडीत असली चीज कुणी पाहिलेली नव्हती, म्हणून पहिले दोन आठवडे गावातली माणसं चपला काढून गाडीत बसून गेली. नकाशा अर्थातच जपानचा. एक छोटा लाल बाण म्हणजे आपली गाडी, आणि बाण जिथून गेला तिथे मागे पांढरे ठिपके पडत जायचे. त्या व्यापाऱ्याचं घर कोबेच्या बंदरालगत होतं, त्यामुळे आमच्या गल्लीतून निघालेली गाडी पडद्यावर बंदरातून निघाली आणि पहिल्याच दिवशी, मच्छी मार्केटच्या वळणावर, समुद्रात गेली. ती पुन्हा कधी जमिनीवर आली नाही. आम्ही वाशीला जात असू, बेलापूरला जात असू, दवाखान्यात जात असू, पडद्यावर मात्र खाली-वर सगळीकडे निळं पाणी आणि त्यातून चाललेला एकटा लाल बाण.

मुलांना याचं सुरुवातीला कौतुक वाटलं, मग लाज वाटू लागली. त्यात रेडिओची कटकट. जपानी रेडिओचे आकडे नव्वदला संपतात आणि मुंबईचं एफएम त्याच्या पुढे सुरू होतं. त्यामुळे पोरांच्या मित्रांच्या जुनाट गाड्यांत गाणी, आणि आमच्या महाराणीत फक्त मीडियम वेव्हवरच्या बातम्या आणि बाजारभाव. "बाबा, लोक हसतात," उमेश म्हणायचा. "कांद्याचा भाव ऐकत फिरतो आपण." थोरल्या मुलीचं, मंदाचं, लग्न ठरलं तेव्हा पोरांनी उचल खाल्ली. हळदीला गाडी दारात उभी राहणार, तिच्यातून आवाज निघाला पाहिजे. जुनं सगळं काढायचं आणि नवा स्टिरिओ, नवा पडदा बसवायचा. पडद्यावर व्हिडिओ दिसेल. दादूस हो म्हणाला. पोरांना तो सहसा नाही म्हणायचाच नाही.

पण त्या लग्नाच्या वेळी त्याच्या डोक्यात दुसरंच काही होतं, आणि ते त्याने सगळ्यांत आधी मला सांगितलं. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून खाडीला मातीचा बांध असतो, आणि त्या बांधाला एक दार असतं, फळ्यांचं. ओहोटीला उघडायचं, भरतीला लावायचं. ती उघाडी. दादूसचा बाप गावच्या उघाडीची राखण करायचा. उधाणाच्या दिवसांत लहानग्या हसूला बोटाला धरून अंधारात बांधावरून जायचा. त्यांच्या घरात लग्नाचं पहिलं आमंत्रण उघाडीला. नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं, 'पोरीचा लगीन हाय, पानी सांभाळ' असं सांगायचं, मगच घरात हळद लागायची. आणि आता लग्न तोंडावर आलं होतं आणि उघाडी कुठे होती तेच कुणाला सांगता येत नव्हतं. सगळीकडे मुरमाचा भराव, त्यावर रस्ते, त्यावर इमारती. गावातल्या तीन म्हाताऱ्यांना दादूसने गाडीत घालून फिरवलं. तिघांनी तीन दिशांना बोटं दाखवली आणि तिघांची आपापसात जुंपली. कुणी सुचवलं, बादलीत खाडीचं पाणी आणू आणि घरातच नारळ फोडू. दादूस म्हणाला, "बादलीला काय सांगू? बादलीन कवा शेत राखलाय?" त्याचं जेवण कमी झालं होतं. पोरीला हळद लावायची आणि हे आमंत्रण कधी चुकवणार नाही हा बापाला दिलेला शब्द मोडायचा, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

अशा अवस्थेत आम्ही वाशीला बिट्टूच्या दुकानात गेलो. बिट्टू गाड्यांचे स्टिरिओ बसवणारा, बोलका, दिवसाला वीस चहा पिणारा. त्याने डॅशबोर्ड ठोकून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "शेठ, ये जपानी लोग पागल है. स्टिरिओ, स्क्रीन, एसी, सब एकसाथ बांध के रखा है. एक निकाला तो सब निकला." दादूसने विचारलं, हा बाण पाण्यातच का फिरतो? बिट्टू म्हणाला, वर आभाळाशी बोलणारी तार कुणीतरी कापली आहे, त्यामुळे चाक किती फिरलं आणि गाडी किती वळली, एवढ्यावरच बाण चालतो. "आंख बंद करके चलता है, शेठ. अंदाजे से."

दादूसने पडद्यावरची धूळ बाहीने पुसली. मग म्हणाला, "बिट्टूशेठ, दहा मिन्टं. पान खाऊन येतंय." त्याने आयुष्यात कधी पान खाल्लेलं नव्हतं.

गाडी त्याने थेट गावात आणली, गावदेवीच्या तळ्याशी थांबवली आणि बोट पडद्यावर टेकवलं.

"घाटकर, यो काय हाय?"

"समुद्र. जपानचा."

"जपानचा कश्याला? नीट बग. इकरं एक तरी बिल्डिंग हाय का?"

"नाही."

"रस्ता हाय? नाक्यावरची टपरी हाय?"

"दादूस, काहीच नाही. पाणी आहे."

"मंग! आमचा खार असाच होता." त्याचा चेहरा उजळला होता. "मी बापासंगाती अंधारात जायाचो. डोल्यांना कय दिसाचा? पायांना ठावं होता. तल्याशी सुटायचं, बांध कोलंबीवानी वाकरा, न शेपटीला उघाडी. या बिल्डिंगी मधी येतान म्हनून मना गावत नाय." मग त्याने गिअर टाकला आणि ती आज्ञा केली, जी मी मरेपर्यंत विसरणार नाही. "तू रस्ता बग. मी पानी बगतंय."

आणि निघालो! चालक पडद्याकडे बघतोय, आणि रस्त्याची जबाबदारी नवरात्रातल्या खलनायकाकडे. मी अर्धा काचेबाहेर. "दादूस, रिक्षा! दादूस, म्हैस! दादूस, हे डॉक्टरीणबाई चालल्यात!" समोरच्यांना मी रंगमंचावरचा आवाज लावून ओरडत होतो, बाजूला व्हा, बाजूला व्हा! तो मान न वळवता म्हणत होता, "जरा डावा... आता बाक येल... हां, पाठ झाली..." काच उतरवलेली, मीडियम वेव्हवरचा कांद्याचा भाव बंद केलेला. मध्ये एखादी सोसायटी आडवी आली की वळसा घ्यावा लागे, आणि पडद्यावर कोलंबीच्या पाठीला टेंगूळ येई. पण निळ्या पाण्यात पांढऱ्या ठिपक्यांची ती कोलंबी हळूहळू खरंच दिसू लागली होती. डोकं, बाक, शेपूट. शेपटाला गाडी थांबली. "हीच," तो म्हणाला.

मी वर पाहिलं. एका चार मजली सोसायटीचं फाटक होतं. दादूस उतरला, डिकीतून नारळ काढला. (नारळ डिकीत कसा होता? लग्न ठरल्यापासून रोजच असायचा, हे मला नंतर कळलं.) तो फाटकाशी उकिडवा बसला तसे बनियनवर सेक्रेटरी धावत आले. "ओ, काय चाललंय? कोण तुम्ही?" दादूसचे डोळे मिटलेले. मग मीच पुढे झालो आणि खर्जातला आवाज लावला. "साहेब, या जागी पाण्याची राखण करणारी देवता होती. आज इतक्या वर्षांनी तिचा मान होतोय." सेक्रेटरींचा चेहरा बदलला. त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्याच्या वर पाणी चढत नव्हतं. ते आत गेले, शर्ट घालून आले, आणि येताना स्वतःचा एक नारळ घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या चौथ्या मजल्यावर पाणी आलं म्हणे. मी याबद्दल काही बोलत नाही. मंदाच्या हळदीला मात्र ते सहकुटुंब हजर होते आणि पहाटेपर्यंत नाचले.

स्टिरिओ बसला. पडदा राहिला. बिट्टूने जुनं काही न काढता नवा स्टिरिओ डावीकडच्या खणाखाली टांगला, पुढे बसणाऱ्याच्या बरोबर गुडघ्यासमोर, आणि पुढे बसणारा नेहमी मीच. डिकीत दोन स्पीकर असे घातले की गल्लीतल्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. पोरं खूश, मुंबईचं एफएम खणखणीत. नव्या पडद्याचं मात्र प्रत्येक सणाला निघायचं आणि प्रत्येक सणाला बारगळायचं. "फुरल्या लग्नाला," दादूस म्हणायचा. पुढचं लग्न आलं की त्याचं पुन्हा तेच. पुतण्याचं झालं, धाकट्या मुलीचं झालं. प्रत्येक वेळी तळं, स्टिरिओ बंद, काचा खाली, तू रस्ता बग, मी पानी बगतंय, हे एव्हाना घरातल्या पोरांनाही पाठ झालं होतं. आणि प्रत्येक वेळी, आता सांगायला हरकत नाही, कोलंबीचं शेपूट वेगळ्याच ठिकाणी निघायचं. पुतण्याच्या वेळी एका बालवाडीच्या भिंतीशी. धाकटीच्या वेळी तर भर चौकात, सिग्नलखाली, आणि तिथे मला हवालदारासमोर बराच अभिनय करावा लागला. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. परतताना मी म्हटलं, "दादूस, मंदाच्या वेळी उघाडी त्या सोसायटीत होती. आज सिग्नलला कशी आली?"

तो अजिबात गडबडला नाही. "तवा भरती होती," तो म्हणाला. "आज ओहोटी हाय." आणि स्टिरिओ लावला.

मी हसलो. पण त्याच्याकडे पाहिलं तर तो मनापासून शांत दिसत होता, पोटभर जेवलेल्या माणसासारखा. नंतर कधी मी तो विषय काढला नाही.

शेवटच्या संध्याकाळी मासळी घेऊन येताना उमेशच्या लग्नाचंच बोलणं चाललं होतं. लग्न ठरलेलं, आणि या वेळी उमेशने विचारायची भानगडच ठेवली नव्हती. दुबईहून येणाऱ्या मित्राकडून नवा मोठा पडदा आणवून घरात ठेवला होता. दादूस खुशीत होता. "बसव बोललो त्याला," तो मला म्हणाला. "पोराचा लगीन हाय. पन नारल झाल्यावर." मग खाडीवरून वारा आला म्हणून त्याने काच उतरवली...

तेरावं झालं. मोठ्या माणसांनी बसून ठरवलं की लग्न पुढे ढकलायचं नाही, साधेपणाने करायचं. गेल्या रविवारी सकाळी उमेश पुन्हा माझ्या दारात उभा. या वेळी हातात तो पडद्याचा बंद खोका, आणि खोक्यावर नारळ.

"काका, हा बॉक्स तुमच्याकडं ठेवू का? घरात पाव्हणे आलेत, जागा नाय."

त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या असतात, हे मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "ठेव की. पण आज बिट्टूकडे जायचं होतं ना?"

"त्याला सांगितला, नंतर बगू." खोका त्याने माझ्या कपाटावर नीट सरकवला. मग नारळाची शेंडी पिळत राहिला. "काका, तुमी बाबांच्या बाजूला बसायचात. जागा म्हायती असंल तुमाला."

जागा! मला एक सोसायटी माहीत होती, एक बालवाडी आणि एक सिग्नल. तिन्ही पत्ते मी त्याला सांगू शकलो असतो. मी म्हटलं, "तळ्यापासून निघावं लागतं. चल."

खाली वयनी हळदकुंकवाची वाटी घेऊन दारात उभी होती. मी पुढे बसलो, गुडघा सवयीने स्टिरिओवर आपटला. उमेशने चावी फिरवली. पडदा निळा झाला आणि बाई बोलली, तेच सगळं, तितक्याच नम्रपणे. बोलून थांबली. वयनीने उघड्या काचेतून वाटी माझ्या हातात दिली, पदर सारखा केला आणि गाडीच्या आत बघत म्हणाली, "हां गो बाये, चल आता."

तळ्याशी उमेशने गाडी थांबवली. स्टिरिओ बंद केला. चारही काचा खाली उतरल्या. पडद्यावर बाण एकटाच उभा होता, आणि त्याच्या मागे ठिपक्यांची एक ओळ, मासळी घेऊन आम्ही परतलो होतो ती. उमेश बराच वेळ त्या निळ्याकडे बघत बसला. मग त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"काका," तो म्हणाला, "तुमी रस्ता बगा. मी पानी बगतो."

मी काचेतून अर्धा बाहेर आलो. समोर एक रिक्षा आडवी उभी होती. घसा साफ करून, नवरात्रातला सगळा आवाज लावून मी ओरडलो, "बाजूला हो रे बाबा, पाणी येतंय!"